आधीच दिलेली उत्तरे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने सर्व्हरवर लेख लिहावा, याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मैत्रिणींना हसू येईल हे मी जाणून आहे. "त्यापेक्षा जीएसटीवर का लिहीत नाहीस?" असे एका सरांनी विचारूनही पाहिले. परंतु २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मला एक असा अनुभव आला की, वर्गात शिकलेला करार कायदा त्या एका महिन्यात जितका उमगला तितका परीक्षेच्या आदल्या रात्रीही उमगला नव्हता. म्हणून हा खटाटोप. माझे सारे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि संगणकाची भाषा तर इंग्रजी. तेव्हा मराठी शब्द सहज सुचला तेथे तो घेतला आहे, ओढूनताणून आणावा लागला असता तेथे रूढ इंग्रजी शब्दच ठेवला आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

माझा मावसभाऊ संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. एका पतसंस्थेच्या सात शाखांत नवे संगणक आले होते आणि प्रत्येक शाखेत डेटाबेस सर्व्हर बसवून देण्याचे काम त्याने घेतले होते. सर्व्हर म्हटले की थंड खोलीतले मोठे कपाट डोळ्यांपुढे येते. वास्तविक सर्व्हर ही वस्तू नव्हे, भूमिका आहे. शाखेतल्या एका साध्याच संगणकावर खातेदारांच्या नोंदी असतात. काउंटरवरचे दुसरे दोन संगणक त्याच्याकडे नोंद मागतात आणि तो देतो. देणारा तो सर्व्हर. हे देण्याचे काम करणारा प्रोग्रॅम आमच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०२२' ची 'एक्सप्रेस' ही विनामूल्य आवृत्ती होता.

पहिल्या शाखेत तो आम्ही हाताने बसवला. सेटअप सुरू केला की पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. यातला कोणता भाग हवा? या सर्व्हरला नाव काय द्यायचे? आत येणाऱ्याची ओळख विंडोजच्या नावावरून पटवायची की वेगळे नाव आणि पासवर्ड ठेवायचा? मुख्य अधिकार कोणाकडे? प्रत्येक प्रश्न सोपा, पण पुढचा कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे खुर्ची सोडता येत नाही. पाऊण तास गेला आणि त्यातला बहुतेक वेळ मी नुसती हिरवी पट्टी पुढे सरकताना पाहत बसले होते. अजून खानापूर, नंदगड अशा सहा ठिकाणी उन्हातान्हात जायचे होते आणि हेच सारे पुन्हा करायचे होते.

तेव्हा दादा म्हणाला, "अगं, तू दिलेली सगळी उत्तरं या मशीननं लिहून ठेवली आहेत. तीच पुढच्याला वाचायला द्यायची. तिथं आपण चहा प्यायचा."

ते खरेच होते. एसक्यूएल सर्व्हर बसवून झाला की त्याच्या 'सेटअप बूटस्ट्रॅप' नावाच्या फोल्डरात 'लॉग' म्हणून एक फोल्डर असतो. त्यात त्या दिवसाच्या तारखेचा आणि वेळेचा आणखी एक फोल्डर, आणि त्यात 'कॉन्फिगरेशनफाइल.आयएनआय' ही फाइल. साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. वर चौकटी कंसात 'ऑप्शन्स' असे शीर्षक, आणि खाली एकेका ओळीत एकेक उत्तर: डावीकडे सेटिंगचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे किंमत. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ ही टीप. ती माणसासाठी असते, सेटअप तिच्याकडे पाहत नाही. खतावणीचे पान पाहिलेल्या कोणालाही ही फाइल परकी वाटू नये.

उदाहरणार्थ, 'ॲक्शन' या ओळीत 'इन्स्टॉल' असते, म्हणजे काम काय ते. 'फीचर्स' मध्ये कोणते भाग हवेत. आम्हाला फक्त मुख्य इंजिन हवे होते. 'इन्स्टन्सनेम' म्हणजे सर्व्हरचे नाव. 'सिक्युरिटीमोड' ची ओळ नसेल तर फक्त विंडोजच्या ओळखीवर प्रवेश मिळतो. तेथे 'एसक्यूएल' लिहिले तर नाव आणि पासवर्ड देऊनही येता येते. 'टीसीपीएनेबल्ड' ही ओळ फार महत्त्वाची. एक्सप्रेस आवृत्तीत ती मुळात शून्य असते, म्हणजे सर्व्हर बसतो पण शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला दार उघडत नाही. आम्ही तेथे एक केला.

मग पुढच्या शाखेत आज्ञेच्या काळ्या खिडकीत एकच ओळ द्यायची: सेटअपचे नाव, फाइल कोठे आहे तो पत्ता, आणि मौनाची खूण. ही खूण दोन प्रकारची आहे. 'क्यू' दिले तर पडद्यावर काहीच दिसत नाही. 'क्यूएस' दिले तर पट्टी पुढे सरकताना दिसते, पण प्रश्न एकही येत नाही. आम्ही 'क्यूएस' वापरले. काही तरी हलताना दिसले की शाखेतल्या लोकांना बरे वाटते. फाइलमध्ये 'यूआयमोड', म्हणजे खिडक्या कशा दाखवायच्या, ही ओळ चालू राहिली असेल तर मात्र सेटअप चूक दाखवून थांबतो. एकाच वेळी 'खिडक्या अशा दाखव' आणि 'खिडक्या दाखवू नकोस' असे दोन हुकूम तो पाळत नाही.

एकच सेटिंग दोन ठिकाणी वेगवेगळे दिले तर काय? त्याचा क्रम ठरलेला आहे. मायक्रोसॉफ्टने आत घातलेल्या मूळ किमतीवर फाइलमधली किंमत मात करते आणि फाइलमधल्या किमतीवर आज्ञेच्या ओळीत लिहिलेली. म्हणजे सर्वांत शेवटी आणि सर्वांत जवळून सांगितलेले खरे. आमच्या सहकाराच्या पुस्तकात याच्या उलटे असते. तेथे पोटनियम वर, त्याविरुद्ध संचालक मंडळाला आयत्या वेळी ठराव करता येत नाही. सेटअपला ती शिस्त नाही.

ही युक्ती काही एकट्या एसक्यूएल सर्व्हरची नाही. विंडोज स्वतःसुद्धा उत्तरांची फाइल देऊन बसवता येते. लिनक्समध्ये डेबियनवाले तिला 'प्रीसीड' म्हणतात, रेड हॅटवाले 'किकस्टार्ट'. आणि रेड हॅट हाताने बसवले तरी तुम्ही दिलेल्या उत्तरांची एक किकस्टार्ट फाइल आपणहून मागे ठेवते. शेकडो यंत्रे बसवणाऱ्यांचे तर याशिवाय पानच हलत नसेल.

आता करार कायद्याकडे येते. दुसऱ्या शाखेत आमची ओळ पहिल्या झटक्याला चालली नाही. उत्तरे सगळी फाइलमध्ये होती, एक सोडून. हाताने बसवताना परवान्याच्या अटी दाखवणारे एक पान येते आणि 'मला मान्य आहे' या चौकोनात खूण करावी लागते. मी ती केली होती. तरी मशीनने लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये ती संमती नव्हती! मला वाटले, काही तरी बिघडले. दादाने सांगितले की हे मुद्दामच आहे. बाकीची उत्तरे सेटअप लिहून ठेवतो, पण अटींची मान्यता लिहीत नाही. ती दर वेळी ज्याने त्याने आज्ञेत लिहावी, नाही तर स्वतःच्या हाताने फाइलमध्ये घालावी.

आपल्यापैकी ज्यांना फेल्टहाऊस विरुद्ध बिंडले हा १८६२ चा इंग्लंडमधला खटला आठवत असेल, त्यांना हे वाचून गंमत वाटेल. काकाने पुतण्याला पत्र लिहिले की तुझ्याकडून उलट काही कळले नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, पण लिलाववाल्याने चुकून तो विकला. काकाने लिलाववाल्यावर दावा लावला आणि तो हरला, कारण मौन म्हणजे स्वीकृती नव्हे. वर्गात हे ऐकताना मला काकाचीच दया आली होती. सेटअपपुढे बसल्यावर मात्र न्यायालयाचे म्हणणे पटले. अटींच्या बाबतीत सेटअप आपले मौन संमती धरत नाही, आणि एकदाची संमती सात जणांची म्हणून चालवूही देत नाही.

पण हे फक्त अटींपुरते. इतर प्रश्नांच्या बाबतीत तो नेमका त्या काकासारखा वागतो. तेथेच मी फसले. ते सांगण्यापूर्वी पासवर्डचे सांगून टाकते.

संमतीप्रमाणेच पासवर्डही फाइलमध्ये लिहिला जात नाही. 'एसए' हे एसक्यूएल सर्व्हरमधले सर्वाधिकारी खाते. त्याचा पासवर्ड आज्ञेच्या ओळीत वेगळा द्यावा लागतो. मला हा उगाच त्रास वाटला होता. फाइलमध्ये मी तो स्वतः लिहून ठेवला असता तर सेटअपने वाचला असता. दादाने ठाम नकार दिला. त्याला कारण आहे. एसक्यूएल सर्व्हर ७ आणि २००० या जुन्या आवृत्त्यांत उत्तरांची फाइल 'सेटअप.आयएसएस' या नावाची असे, आणि तिच्यात पासवर्डही राहून जात असे. काही आवृत्त्यांत उघड्या अक्षरांत, नंतरच्यांत सहज उलगडेल अशा सांकेतिक रूपात. सर्व्हर बसवून लोक निघून जात आणि फाइल मागे तशीच. मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि असे राहिलेले पासवर्ड शोधून पुसणारा एक छोटा प्रोग्रॅमही दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, 'एसए' चा पासवर्ड कोरा ठेवलेल्या सर्व्हरांत शिरणारा 'स्पायडा' नावाचा संगणकी किडा पसरला होता. म्हणजे पासवर्ड लिहून ठेवणारे एकीकडे आणि न ठेवणारे दुसरीकडे, दोघेही अडचणीत! पतसंस्थेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. त्यातली एक तिजोरीच्याच दारावर टांगून ठेवावी तसे ते होते.

आता माझी चूक. मशीनने लिहिलेली ती फाइल बरीच लांब होती. प्रत्येक ओळीच्या वर इंग्रजी टीप, आणि अनेक ओळींत आम्ही कधी हातही न लावलेल्या गोष्टी. मला हिशेबाची वही नेटकी ठेवायची सवय. मी विचार केला की जे आपण बदललेच नाही ते लिहायचे कशाला? आणि दादाला न विचारता निम्म्या ओळी काढून टाकल्या. उरलेली फाइल इतकी सुबक दिसत होती की मी ती अभिमानाने त्याला दाखवली. त्याने वरवर पाहून "छान" म्हटले.

काढलेल्या ओळींत 'एसक्यूएल कोलेशन' ही एक होती. कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम कसा लावायचा आणि कोणते दोन शब्द सारखे मानायचे याचा नियम. इंग्रजीतले मोठे आणि लहान 'ए' एकच समजायचे की वेगळे, हे तो ठरवतो. सर्व्हर बसतानाच हा नियम ठरतो आणि नंतर बदलणे फार जिकिरीचे असते.

ही ओळ नसेल तर सेटअप गप्प राहून विंडोजकडे पाहतो. विंडोजमध्ये 'सिस्टिम लोकेल' म्हणून देश आणि भाषेची एक नोंद असते. ती अमेरिकन इंग्रजी असेल तर सेटअप एक कोलेशन घेतो, भारतीय इंग्रजी असेल तर दुसरे. नावे जवळजवळ सारखी, 'लॅटिन१ जनरल' दोन्हींत; फक्त पहिल्याच्या मागे 'एसक्यूएल' आणि मध्ये 'सीपी१' ही अक्षरे जास्त. पहिल्या शाखेतल्या संगणकावर अमेरिकन नोंद होती. पुढच्या सहांपैकी तिघांवर कोणी तरी, बहुधा चांगल्याच हेतूने, भारत निवडला होता. म्हणजे एकाच फाइलमधून सात शाखांत दोन प्रकारचे सर्व्हर तयार झाले, आणि ते आम्हाला कळलेही नाही.

मुख्य कार्यालयातला जुना डेटा सातही ठिकाणी भरला. तो पहिल्या कोलेशनचा होता. रोजचे काम सुरळीत चालले. पैसे भरले, काढले, पासबुके छापली. सारे व्यवहार त्या डेटाच्या आतल्या आत होत होते, तोवर सर्व्हरचा स्वतःचा नियम काय आहे याला कोणी विचारत नव्हते. मग ३० जून उजाडला. तिमाही व्याजाचा अहवाल काढताना प्रोग्रॅम काही काळापुरते तक्ते तयार करतो. ते तक्ते सर्व्हरच्या स्वतःच्या जागेत, सर्व्हरच्या कोलेशनने बनतात. त्यांतला खाते क्रमांक मूळ डेटातल्या खाते क्रमांकाशी जुळवायला गेल्यावर दोन नियम समोरासमोर आले, आणि दोन कोलेशनांमधला संघर्ष सोडवता येत नाही अशा अर्थाची लाल ओळ पडद्यावर उमटली. तीन शाखांत व्याज निघेना.

दुसऱ्या दिवशी ठेवींचे व्याज घ्यायला म्हातारी माणसे येणार होती. व्याजावर महिन्याचा औषधपाण्याचा खर्च चालवणारी. तिन्ही शाखांतल्या लोकांनी त्या रात्री उशिरापर्यंत बसून हाताने व्याज मांडले. त्यातल्या एका शाखेत मीही बसले होते. कॅल्क्युलेटर दोन, माणसे तीन, आणि ठेवींचे रजिस्टर बाइंडिंग सुटलेले. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. तिथल्या अक्कांनी उलट डबा उघडून माझ्यापुढे पोळी सरकवली, आणि ती गिळणे मला फार जड गेले.

आम्ही शोधायला लागलो तेव्हा एक आणखी गोष्ट दिसली. प्रत्येक सेटअपनंतर त्याच लॉग फोल्डरात 'समरी' नावाची एक फाइल होते. मौनात बसवताना तीच खरी पावती, कारण पडद्यावर बोलायला कोणी नसते. आम्ही सातही ठिकाणी ती उघडली होती आणि पहिली ओळ वाचून बंद केली होती. पहिल्या ओळीचा अर्थ 'उत्तीर्ण'. तिन्ही शाखांतही उत्तीर्णच, कारण सेटअपच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते. फाइलमध्ये जे होते ते त्याने केले आणि जे नव्हते ते आपल्या मनाने भरले. पण काय भरले तेही त्याने पुढे लिहिले होते. समरीत खाली सर्व सेटिंगांची यादी असते, आम्ही दिलेल्यांची आणि न दिलेल्यांचीही. कोलेशनची ओळ तेथे पहिल्या दिवसापासून होती. ताळेबंदाची फक्त शेवटची बेरीज पाहून सही करणारा लेखापरीक्षक आम्हाला वर्गात विनोदासाठी सांगतात.

पुढच्या रविवारी दुरुस्ती केली. सर्व्हर न काढता कोलेशन बदलण्याचाही एक मार्ग आहे. त्यात सर्व्हरचे स्वतःचे अंतर्गत डेटाबेस नव्याने घडवले जातात, पण मग प्रवेशाची सारी खाती पुन्हा करावी लागतात आणि आपला डेटाही सोडवून पुन्हा जोडावा लागतो. दादाने सरळ रस्ता घेतला. बॅकअप घेतला, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला, सर्व्हर काढून टाकला, फाइलमध्ये ती ओळ घालून पुन्हा बसवला आणि बॅकअप भरला. प्रवेशाची खाती मी हाताने केली. तीन शाखांना मिळून रात्रीचे नऊ वाजले.

आपल्या भाषांविषयी दोन शब्द, कारण या अंकाच्या उलट बाजूला कानडी विभाग आहे आणि मला तेथूनही कोणी हा प्रश्न विचारील. कोलेशन हा शब्द ऐकल्यावर माझी समजूत झाली होती की खातेदारांची मराठी-कानडी नावे नीट राहण्यासाठी हेच सेटिंग असणार. तसे नाही. आमच्याकडे नाव टिकते की नाही हे रकान्याच्या जातीवर ठरते. रकाना 'एनव्हारचार' असेल तर देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या सुखाने नांदतात. तो नुसता 'व्हारचार' ठेवला, तर या लॅटिन कोलेशनांत नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, आणि ती नावे परत मिळत नाहीत. आपल्या लिप्यांची अकारविल्हे लावण्यासाठी 'इंडिक जनरल' नावाचे कोलेशन आहे; ते हव्या त्या रकान्याला लावता येते. हे सारे डेटाबेस रचणाऱ्याचे काम. उत्तरांच्या फाइलमध्ये त्याला जागा नाही.

तिच्यात जागा नसलेल्या आणखीही गोष्टी आहेत. सेटअप विंडोजच्या फायरवॉलला हात लावत नाही. 'टीसीपीएनेबल्ड' एक केले म्हणजे सर्व्हरने आपले दार उघडले, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंदच राहतो. तो वेगळा उघडावा लागतो.

नोव्हेंबर महिन्यात पतसंस्थेची आठवी शाखा निघाली. तोवर माझी फाइल पुन्हा लांब झाली होती. काढलेल्या सर्व ओळी परत आल्या, आणि प्रत्येकीच्या वर अर्धविराम देऊन मी एक टीप लिहिली आहे: ही किंमत का ठेवली, कोणी सांगितली, कोणत्या तारखेला. दादा म्हणतो, ही फाइल कमी आणि रोजकीर्द जास्त दिसते. नव्या शाखेत ओळ दिली, अटींची मान्यता स्वतः टाइप केली, पासवर्ड मॅनेजर साहेबांनी येऊन स्वतः घातला आणि मी पाठ करून उभी राहिले. पट्टी सरकली, खिडकी मिटली. मी समरी उघडून खालपर्यंत वाचायला घेतली. मागून तिथल्या अक्कांनी विचारले, "मुगीता?"

"इन्नू इल्ला, अक्का," मी म्हटले. फायरवॉल राहिली होती.